जर्मन शिकारी खंजीर आणि ते घडविणारे हात



कामगारांच्या सभेत बोलण्याची आम्हांस सवय आहे. तेथील विषय ठरलेले असतात : महागाई भत्ता, बोनस, कामाचे तास, अपघाताची भरपाई. या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस पाचारण केले, तेव्हा असेच काही ऐकावयास मिळेल अशी त्यांची कल्पना असावी. आम्ही विषय कळविला तो जुन्या जर्मन शिकारी खंजिरांचा. चिटणिसांनी उलट टपाली विचारले की, विषय लिहिताना काही घोटाळा तर झाला नाही ना? आमच्या युनियनमधील मंडळींनी तर स्पष्टच विचारले की, राजेरजवाड्यांच्या हौसेच्या वस्तूंशी तुमचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे आणि आजचे सारे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

आमचे शालेय शिक्षण फारसे झालेले नाही. जे शिकलो ते रात्रशाळेत, सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. पण लोखंडाशी आमची ओळख जुनी आहे. ऐन उमेदीची वर्षे आम्ही लेथ आणि सहाणेच्या चाकापुढे काढली. आमचे एक स्नेही जहाजावर इंजिन खात्यात फिटर होते. हँबुर्गच्या जुन्या बाजारातून त्यांनी तीन शिकारी खंजीर विकत घेतले होते. ते आम्ही प्रथम हाती घेतले, तेव्हा त्यांचे मालक कोण होते हा प्रश्न आमच्या मनात आलाच नाही. पाते बोटावर तोलून पाहिले, धारेची रेघ मुठीपासून टोकापर्यंत न्याहाळली आणि मनात आले की, हे घासणारा माणूस कोण असेल? तेव्हापासून ग्रंथ, संग्रहालयांच्या सूच्या आणि छायाचित्रे मिळतील तशी पाहत आलो आहोत. खंजीर जमविण्याची आमची ऐपत नाही. खंजिरांविषयीची माहिती मात्र आम्ही जमविली आहे. तिच्यातला थोडा भाग आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. जर्मन भाषेत तिला हिर्शफेंगर म्हणतात. हिर्श म्हणजे शिंगे असलेले नर हरीण, आपल्या सांबराच्या कुळातले. जखमी जनावरास पात्याने शेवटचा घाव घालून संपविणे, याला जर्मन शिकाऱ्यांच्या बोलीत जो शब्द आहे, त्यावरून फेंगर हे पद आले. हे पाते सरळ असते. लांबी बहुधा हातभर किंवा थोडी अधिक. मूठ शिंगाची, शिसवीसारख्या काळ्या लाकडाची किंवा हस्तिदंताची. मुठीखाली आडवी दांडी आणि पुष्कळदा तिच्या एका अंगास शिंपल्याच्या आकाराचा पत्रा असतो. म्यान लाकडाचे, वरून कातडे चढविलेले. त्याच म्यानात एका कप्प्यात छोटी सुरीही बसविलेली असते. याचेच भाऊबंद दोन. एक रुंद आणि जड पाते, आपल्या खाटकाच्या सत्तुरासारखे, मेलेल्या जनावराचे तुकडे करण्यासाठी. दुसरा निकर म्हणजे लहानसा चाकू, जनावराच्या मानेत खुपसण्यासाठी.

एवढे लांब पाते शिकाऱ्याच्या कमरेला कशाला? सतराव्या आणि अठराव्या शतकांतील बंदूक तोंडाकडून ठासावी लागे. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत जखमी रानडुक्कर अंगावर येई. पावसाळी हवेत दारू भिजे, ती निराळीच. शिवाय दरबारी शिकारीचा एक प्रकार असा होता की, कुत्र्यांच्या झुंडीने एकाच हरणास तासन् तास पळवावयाचे आणि ते थकून उभे राहिले की मुख्य शिकाऱ्याने पुढे होऊन पात्याने त्याचा शेवट करावयाचा. हेसेन-डार्मश्टाटचा लँडग्राफ आठवा लुडविग (१६९१ ते १७६८) या शिकारीच्या नादासाठी प्रसिद्ध होता. डार्मश्टाटजवळचा क्रानिखश्टाइनचा शिकारवाडा आज संग्रहालय आहे, तेथे त्या काळच्या शिकारीची हत्यारे व चित्रे पाहावयास मिळतात.

या खंजिराभोवती रीतिरिवाजही पुष्कळ वाढले. शिकाऱ्यांची बोली वेगळी होती. हरणाच्या कानाला, पायाला, रक्ताला साधे शब्द वापरणे हा अपराध समजला जाई. चुकणाऱ्यास मेलेल्या हरणावर पालथे पाडून त्या रुंद पात्याच्या सपाट बाजूने पाठीखाली तीन फटके देत आणि भोवतालची मंडळी हसत. धाकासाठी, थट्टेसाठी आणि दर्जासाठी, अशा तिन्ही कामांना हे हत्यार उपयोगी पडे.

आता ते होत कसे, याकडे वळू. वुपर नदीच्या काठी सोलिंगन नावाचे गाव आहे. ते नाव आपण न्हाव्याच्या वस्तऱ्यावर वाचलेले असेल. मध्ययुगापासून तेथे पात्यांचा धंदा आहे. झीगरलांडच्या खाणींकडून पोलाद येई. लाकडाचा कोळसा जवळच्या डोंगरांत मिळे. नदीचे आणि ओढ्यांचे पाणी चाके फिरवी. तेथील कारागिरांच्या तीन मंडळ्यांना राजसनदा मिळालेल्या होत्या. पाणी देणारे व घासणारे यांस १४०१ साली, तलवार सजविणारे व जोडणारे यांस १४१२ साली आणि तलवार ठोकणाऱ्या लोहारांस १४७२ साली. कसब बापाकडून मुलाकडे जाई. गाव सोडून विद्या बाहेर न नेण्याची शपथ घ्यावी लागे. तरीही काही गेले. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये हाऊन्स्लो आणि पुढे शॉटले ब्रिज येथे सोलिंगनच्या कारागिरांनी भट्ट्या घातल्या. पोटापुढे शपथ टिकत नाही, हे कामगार चळवळीतल्या माणसास कोणी सांगावयास नको.

एका पात्याला चार हात लागत. पहिला लोहार. तो पोलादाची पट्टी तापवून ठोकी, आकार देई आणि मुठीत शिरणारे शेपूट काढी. दुसरा पाणी देणारा. आपल्या भाषेत पात्यास पाणी देणे म्हणतात, पाणीदार माणूस म्हणतात, ते या कामावरूनच. लालभडक पाते एकदम पाण्यात बुडविले की ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. मग ते पुन्हा मंद तापवावयाचे. घासून उजळ केलेल्या पोलादावर रंग चढत जातात : आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबले तर धार कडक राहते. निळ्यापर्यंत नेले तर पाते लवचीक होते. कोठे थांबावयाचे हे उष्णतामापक यंत्र सांगत नव्हते, डोळा सांगत होता. अंधाऱ्या खोलीत, भट्टीच्या उजेडात, क्षणभराच्या रंगावर ज्याची रोजी अवलंबून आहे, त्याचा डोळा काय तयारीचा असेल!

तिसरा घासणारा, म्हणजे श्लायफर. याच्याविषयी पुढे सविस्तर बोलू. चौथा जोडणारा, रायडर. मूठ, आडवी दांडी, शिंपला, म्यान हे सारे पात्यावर चढवून वस्तू पुरी करणे हे त्याचे काम. हरणाचे शिंग दरवर्षी गळते आणि नवे येते. म्हणून शिंगाच्या मुठीसाठी जनावर मारावेच लागे असे नाही. त्या शिंगाची खडबडीत साल तशीच ठेवून आतून शेपूट घट्ट बसविणे, दोन्ही बाजूंचे वजन बरोबर ठेवणे आणि वर ओकच्या फळाच्या आकाराच्या खिळ्यांनी ते जखडणे, यात हाताची सफाई दिसते. श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी माइसेनच्या कारखान्यातील चिनी मातीच्या मुठीही बसविल्या जात.

या चौघांखेरीज नक्षीकार वेगळा. तो पात्यावर मेणाचा किंवा रोगणाचा थर देई, सुईने त्यात चित्र ओढी आणि तेजाबाने उघडे पोलाद खाऊन काढी. पळणारे हरीण, मागे कुत्री, ओकची पाने आणि शिंगांमध्ये क्रूस असलेले संत हुबेर्टसचे हरीण, अशी चित्रे या पात्यांवर सापडतात. म्युनिकच्या आम्ब्रोझिउस गेमलिखने सोळाव्या शतकात पात्यांवर आख्खे पंचांग कोरले होते. अठराव्या शतकात पात्याचा वरचा भाग निळा करून त्यावर सोन्याचा मुलामा देण्याची पद्धत रूढ झाली. निळ्या आकाशात सोनेरी हरीण पळत आहे, असे ते दृश्य दिसते. पाहणारा मोहून जातो आणि त्याने मोहून जावे, असेच आम्हांस वाटते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तो मुलामा सोने पाऱ्यात विरघळवून दिला जाई. वस्तू तापवली की पारा वाफ होऊन उडे आणि सोने मागे राही. ती वाफ मुलामा देणाऱ्याच्या छातीत जाई. हात कापू लागत, दात हलत. त्या सोनेरी हरणाच्या किमतीत हा हिशेब कोणी धरला नव्हता.

आता घासणाऱ्याकडे येऊ. वुपरच्या काठी आणि ओढ्यांवर लहान लहान घरे बांधलेली असत. त्यांस कोटन म्हणतात. बाहेर पाणचक्कीचे चाक, आत वालुकाश्माच्या मोठमोठ्या सहाणा. बाल्कहाउझर कोटन आणि व्हिपरकोटन आजही उभे आहेत. चाकापुढे बैठक मारून, अंग पुढे झुकवून, कामगार पाते दगडावर दाबी. नदी आटली की काम बंद, नदी गोठली की काम बंद. बंद दिवसांची मजुरी नाही. दगडात चीर असली आणि वेगात तो फुटला, तर तुकडे समोरच्याच्या छातीवर. यातून वाचला त्याला धूळ होती. वालुकाश्माची बारीक धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसते आणि परत येत नाही. फुप्फुस हळूहळू दगडासारखे घट्ट होते. गावात त्याला घासणाऱ्यांचा आजार असेच नाव पडले होते. वैद्यकाने पुढे त्यास सिलिकोसिस म्हटले. जर्मनीत या आजारास भरपाईयोग्य व्यवसायरोग म्हणून मान्यता मिळाली ती १९२९ साली, आणि त्या यादीत खाणकामगारांबरोबर धातू घासणाऱ्या कारखान्यांचा उल्लेख करावा लागला. १४०१ सालच्या सनदेपासून मोजले तर पाचशे अठ्ठावीस वर्षे झाली.

आम्ही हे पुस्तकात वाचले तेव्हा आम्हांस आपल्याकडील एक पॉलिश खाते आठवले. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. तेथे चाकापुढचे कामगार तोंडाला फडके बांधून बसत आणि संध्याकाळी काळे थुंकत. धूळ ओढून घेणारा पंखा बसवा, एवढीच आमची मागणी होती. ती मान्य होण्यास तीन वर्षे आणि एक संप लागला. पंखा बसला तेव्हा खात्यातील सर्वांत जुना घासणारा म्हणाला, "आता माझ्या मुलाला येथे लावायला हरकत नाही." वुपरकाठच्या बापालाही यापेक्षा वेगळे काही हवे असेल, असे आम्हांस वाटत नाही.

आता पात्यावर नाव कोणाचे असते ते पाहा. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून क्लेमेन्स होर्न या सोलिंगनच्या कारागिराने एकशिंग्या प्राण्याच्या डोक्याची खूण वापरली. वुंडेस घराण्याने राजाच्या मस्तकाची. ही नावे संग्राहकांच्या तोंडी आहेत आणि त्यांचा मान योग्यच आहे. पुढे व्यापारी मोठा झाला आणि खूण त्याची झाली. मुठीवर वा म्यानावर कोरलेली ढाल आणि मुकुट तर गिऱ्हाइकाचा. पाणी देणाऱ्याचे, घासणाऱ्याचे, मुलामा देणाऱ्याचे नाव बहुधा कोठेच नाही. ज्याच्यामुळे पाते वाकून परत सरळ होते आणि ज्याच्यामुळे ते चकाकते, ते दोघेही निनावी राहिले.

१८०९ साली, फ्रेंच अमदानीत, त्या जुन्या मंडळ्या मोडल्या गेल्या. सनद गेली, संरक्षणही गेले. व्यापारी मजुरी रोख देण्याऐवजी माल देऊ लागले आणि तोही चढ्या भावाने. या मालमजुरीस प्रशियन सरकारने बंदी घातली ती १८४९ साली, आदल्या वर्षीच्या उठावानंतर. मार्च १८४८ मध्ये सोलिंगनच्या कामगारांनी ओतीव लोखंडाचा स्वस्त माल काढणाऱ्या ओतशाळा मोडून टाकल्या होत्या. मे १८४९ मध्ये तेथील कामगारांनी ग्रेफ्राटचे शस्त्रागार काबीज केले. त्यांनी मिळविलेल्या काडतुसांच्या दोन पेट्या घेऊन फ्रीड्रिख एंगल्स एल्बरफेल्डला पोहोचला होता. १८६३ साली लासालने सोलिंगनमध्ये सभा घेतली. ज्या ग्रेफ्राटात कामगार शस्त्रागारावर चालून गेले, त्याच ग्रेफ्राटात १९९१ पासून जर्मन पाते-संग्रहालय आहे. एका जुन्या मठाच्या इमारतीत पाती ओळीने मांडलेली आहेत. इतिहासाने स्वतःहून घडविलेली ही जोडणी आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

खंजिराची दुसरी बाजू शेतकऱ्याची आहे. ज्या हरणासाठी ही सुंदर पाती घडली, ते हरीण शेतकऱ्याच्या शेतात चरत असे आणि त्याला ते हाकलण्याचीही मुभा नसे. शिकार हा सरदारांचा हक्क होता. उलट शेतकऱ्याने हाका घालावयाचा, जाळी वाहावयाची, सरदाराची कुत्री पोसावयाची. ही वेठच होती. १५२५ सालच्या शेतकरी उठावात मेमिंगन येथे जी बारा कलमे तयार झाली, त्यांपैकी चौथे कलम शिकार आणि मासेमारी यांच्या हक्काविषयी आहे. तो उठाव रक्तात बुडविण्यात आला. ती मागणी निराळ्या रूपाने कायद्यात आली ती १८४८ साली : शिकारीचा हक्क ज्याची जमीन त्याचा, असे ठरले. मागणी आणि कायदा यांच्यामध्ये तीनशे तेवीस वर्षे गेली. लहान शेतकऱ्याच्या हाती त्यातूनही थोडेच आले, कारण दोनच वर्षांत प्रशियाच्या कायद्याने स्वतः शिकार करण्यासाठी जमिनीची मोठी किमान मर्यादा घातली.

त्यानंतर मागून भरावयाच्या बंदुका आल्या आणि खंजिराचे काम संपले. तो वन अधिकाऱ्याच्या गणवेशावरचा दागिना झाला. विसाव्या शतकात तर त्याचा उपयोग अधिकच वाईट झाला. १९३४ साली नाझी राजवटीने शिकारीचा नवा कायदा केला, गोरिंगला देशाचा मुख्य शिकारी नेमले आणि शिकारी व वनाधिकारी यांच्या खंजिरांवरही त्या पक्षाचे चिन्ह येऊन बसले. आज बाजारात जे खंजीर भडक किमतीला विकले जातात, त्यांत या काळचे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या नकला त्याहून अधिक. ज्यांस कारागिरी पाहावयाची आहे त्यांनी कारागिरीच पाहावी. चिन्हाच्या मोहापायी जमविणारा माणूस पोलादाचा रसिक नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग संग्राहकाने करावे काय? आमचे फिटर स्नेही तीन गोष्टी सांगत. पहिली, खुणेवर विसंबू नये. पासाउ गावच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे. तिला नाव मिळताच सोलिंगनवाल्यांनीही ती उचलली. सोलिंगनचे नाव पुढे इतरांनी चोरले, म्हणून १९३८ साली त्या नावास कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. दुसरी, जोड पाहावा. पाते एका काळचे, मूठ दुसऱ्या काळची, म्यान तिसऱ्याचे, असे लग्न लावलेले नग बाजारात फार. जुने कातडे आकसते, शिंगही किंचित आकसते; सारे अगदी ठाकठीक बसले असेल तर अधिक विचारपूस करावी. तिसरी, घासू नये. चकचकीत करण्याच्या हौसेने कागद मारला की नक्षी पुसट होते आणि मूळ कारागिराच्या घासण्याच्या रेघा कायमच्या जातात. तेलाचा हलका हात पुरे. चौथी आमची पुस्ती अशी की, हस्तिदंताची मूठ आणि लांब पाते या दोहोंबाबत आपल्या देशाचे कायदे आधी पाहावेत. मग पैसे मोजावेत.

हा सारा परदेशचा मामला असे कोणी समजू नये. आपल्या दक्षिणेत पोर्तुगिजांच्या जहाजांतून युरोपातील सरळ पाती येत. त्यांवर आपल्याकडील मूठ चढे आणि त्या तलवारीस फिरंग म्हणत. त्यांत जर्मन पातीही होती. तो धावता लांडगा आपल्याकडच्या काही फिरंगांवर दिसतो. म्हणजे वुपरच्या काठी कोणा निनावी माणसाने घासलेले पाते सह्याद्रीत लढले असेल आणि त्याला पुन्हा धार लावणारा आपला शिकलगार असेल. त्या शिकलगाराचे नाव तरी आपण कोठे लिहून ठेवले आहे?

आमच्या मित्रांच्या प्रश्नास उत्तर देऊन थांबतो. राजाच्या कमरेची वस्तू म्हणून हा खंजीर आम्ही पाहत नाही. जी वस्तू मालकासाठी केली, ती करतानाही कामगाराने काम वाईट केले नाही, याची ती साक्ष आहे. मजुरी कमी होती, धूळ छातीत बसत होती, नाव लागणार नव्हते. तरी रेघ सरळ आली आहे. हा कामगाराचा स्वाभिमान आहे आणि त्याच्या बळावर आम्ही मालकाशी वाटाघाटी करतो. चांगले काम करणाऱ्यास चांगली हवा, चांगली मजुरी आणि नाव मागण्याचा हक्क असतो. चांगल्या कामाची किंमत आम्हांस कळत नसेल, तर ती मागणी आम्ही कोणत्या तोंडाने करावी?

एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणी संग्रह करीत असेल, मग ते खंजीर असोत, अडकित्ते असोत वा जुनी कुलपे, तर वस्तूखाली जी चिठ्ठी लावाल तीत मालकाच्या नावाबरोबर आणखी एक ओळ लिहा : कोणी ठोकले, कोणी पाणी दिले, कोणी घासले, कोणी जोडले. नावे ठाऊक नसतील तर कामे तरी लिहा. पाहणाऱ्यास कळू द्या की तेथे चार माणसे होती.